कॅल्शियम स्कोअर पुरे की थेट सीटी अँजिओ?

खानापूरकर: नमस्कार मंडळी. वय 46, छातीचा त्रास नाही, शुगर नाही, विडी-सिगारेट नाही. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 142. वडिलांना 52 व्या वर्षी अटॅक. बेळगावात एके ठिकाणी पॅकेजमध्ये दोन्ही स्कॅन करा म्हणतात, कोल्हापुरात नुसता कॅल्शियम स्कोअर पुरे म्हणतात. कुणाचं ऐकायचं?

सीटीवाला: कॅल्शियम स्कोअर म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साठलेलं कॅल्शियम सीटीवर मोजणं. त्याला सुई नाही, डाय (रक्तवाहिन्या उठून दिसायला टोचतात ते औषध) नाही. ईसीजीच्या तारा लावून 3 मिमीचे काप घेतात, श्वास दहा-पंधरा सेकंद रोखायचा, किरणं साधारण 1 मिलिसीव्हर्ट. 130 हाउन्सफील्डच्या (सीटीतलं घनतेचं माप) वरचा ठिपका कॅल्शियम धरतात. त्याचं क्षेत्रफळ गुणिले घनतेचा 1 ते 4 गुणक, आणि सगळ्यांची बेरीज म्हणजे ॲगॅटस्टन स्कोअर. त्या दिवशी चहा-कॉफी नको. ठोके वाढले की चित्र हलतं, आकडा चुकतो. रिपोर्टात ईसीजी गेटिंग (ठोक्यांशी जुळवून चित्र घेणं), 120 केव्ही (एक्स-रेचा व्होल्टेज) आणि 3 मिमी लिहिलंय का बघा. केव्ही बदलला तर जुन्या आकड्याशी तुलना करू नका. स्टेंट घातलेल्यांना हा स्कोअर उपयोगाचा नाही.

अँजिओचं काम वेगळं, त्यात रक्तवाहिन्यांतला अडथळा दिसतो. आयोडीनचा डाय शिरेतून जोरात सोडतात, म्हणून आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी). ठोके 60-65 च्या खाली आणायला बहुधा मेटोप्रोलॉल देतात, दमा असेल तर आधीच सांगा. जिभेखाली नायट्रोग्लिसरीन देतात; व्हायग्राच्या जातीची गोळी घेतली असेल तर सांगायला लाजू नका, दोन्ही मिळून बीपी धाडकन उतरतं. शिवाय कॅल्शियम फार असेल तर ते पसरून दिसतं आणि अडथळा आहे त्यापेक्षा मोठा वाटतो.

डॉ. चिकोडी: त्रास नसलेल्याला दोन्ही एकदम कशाला? आकड्यानं औषध बदलणार असेल तरच स्कॅनला अर्थ. 100 किंवा वर आला की स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) सुरू करावं. 1 ते 99 मध्ये, विशेषतः 55 च्या पुढे, कल स्टॅटिनकडेच. 0 आला तर बहुतेकांना थांबता येतं, पण तुमच्या वडिलांचा अटॅक 55 च्या आतला आहे, त्यामुळे नुसत्या शून्यावर तुम्हाला सूट मिळत नाही. मऊ चरबीचा थर या स्कॅनला दिसत नाही. निपाणीकडच्या विडी ओढणाऱ्यांनाही नुसत्या शून्यावर सूट नाही. मधुमेही चाळिशीच्या पुढचा असेल किंवा एलडीएल 190 च्या वर असेल, तर स्कॅनची वाट बघत बसू नये, गोळी ठरलेलीच. तुमच्यासाठी एकदा लिपोप्रोटीन-ए (रक्तातला आनुवंशिक चरबीचा घटक) तपासणं त्या पॅकेजपेक्षा कामाचं.

खानापूरकर: आभारी आहे डॉक्टर. गोळी सुरू केली तर दरवर्षी स्कोअर करून फरक बघायचा का?

डॉ. चिकोडी: नको. स्टॅटिननं थर घट्ट होतो, कॅल्शियम धरतो, आकडा उलट वाढूही शकतो आणि लोक घाबरून गोळी सोडतात. एलडीएल बघा की! शून्य असेल तर पाचेक वर्षांनी पुन्हा.

सीटीवाला: एक राहिलं. राजहंसगड चढताना छाती आवळते, थांबलं की सुटते, असं कुणाला होत असेल तर हे स्क्रीनिंग त्यांच्यासाठी नाही, त्यांनी हृदयरोगतज्ज्ञ गाठावा. बसल्याजागी दुखून घाम फुटला तर थेट कॅज्युअल्टीत, ईसीजी आणि ट्रोपोनिनला (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी).