कंपनी फक्त शेअरहोल्डरांची असेल तर ती आमच्या पैशावर का चालते?

लेथवाला
काल इथे एकाने लिहिलं की मोठ्या कारखान्याचं देणं फक्त शेअरहोल्डरांना, बाकी व्हेंडर, कामगार, आजूबाजूची गावं यांच्याशी व्यवहार झाला की विषय संपला, आणि 'स्टेकहोल्डर' (कंपनीशी ज्यांचं हित जोडलंय ते सगळे) हे ॲन्युअल रिपोर्टमधलं शोभेचं पान आहे. रात्रभर डोक्यात तेच होतं म्हणून सविस्तर लिहितोय. अहो, व्यवहार झाला की विषय संपतो हे मलाही मान्य आहे, पण तो होतो कधी? मी २१ वर्षं गाड्यांच्या पार्टचं मशिनिंग करतोय. माल गेटवर जातो, डिलिव्हरी चलनावर माल आत आल्याचा शिक्का पडतो, दुसऱ्या शिफ्टला तोच माल लाइनवर चढतो, गाडीत बसून शोरूमला उभा राहतो, आणि माझा जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची कंपनीची नोंद ज्यावर बिल निघतं, अजून निघालेला नसतो. तोवर मी स्टीलचे पैसे मोजलेत, सात पोरांचे पगार केलेत, बँकेच्या कॅश क्रेडिटवर व्याज भरतोय. म्हणजे त्यांचं खेळतं भांडवल मी पुरवतोय. शेअरहोल्डर निदान स्वतःच्या मर्जीने पैसे घालतो, मला कोणी विचारलं होतं?

दीर्घमुदत
ते मीच लिहिलं होतं आणि अजूनही त्यावर ठाम आहे. शेअरहोल्डर सगळ्यात शेवटी जेवतो हे विसरू नका. कंपनी दिवाळखोरीत गेली की आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची थकबाकी आणि तारणवाल्या बँका, मग बाकीचे, आणि उरलं तर इक्विटीवाला. माझ्या वडिलांचे रिटायरमेंटचे पैसे एका बुडीत कंपनीच्या शेअरमध्ये गेले, आम्हाला दमडी मिळाली नाही. जो शेवटी उभा आहे त्याच्यासाठी कंपनी चालवायची नाही तर कोणासाठी? अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमनने १९७० मध्ये हेच सांगितलं होतं.

लेथवाला
वडिलांचं ऐकून वाईट वाटलं, खरंच. पण त्याच रांगेत माझ्यासारखा माल पुरवणारा तुमच्या जेमतेम दोन पायऱ्या वर असतो, तारण नसलेल्या सावकारांच्या आणि सरकारी देण्यांच्याही खाली. माझ्यापर्यंत काय उरतं? आणि फ्रीडमन सांगताना अर्धाच सांगू नका. नफा कमवा, पण नियमांच्या चौकटीत, फसवणूक न करता, असं त्याने त्याच लेखात लिहिलंय.

हिशोबनीस
सीए म्हणून दोनच मुद्दे. एक, आपल्याकडे हा वाद कायद्याने बराचसा मिटवलाय. कंपनी कायदा २०१३, कलम १६६(२): डायरेक्टरने सभासदांबरोबरच कर्मचारी, समाज आणि पर्यावरण यांचंही हित बघायचं आहे. अंमलबजावणी किती होते हा वेगळा प्रश्न. दोन, लेथवाले, तुमचा जीआरएन कधीही निघो, २००६ च्या एमएसएमई कायद्यात पैसे द्यायचे दिवस मोजायचे ते माल पोचल्यापासून. १५ दिवसांत लेखी तक्रार आली नाही तर माल पोचला तोच दिवस स्वीकृतीचा. लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. शिवाय आयकर कायद्यात ४३बी(एच) आल्यापासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर माल घेणाऱ्या कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच धरता येतो.

लेथवाला
साहेब, कायदा पाठ आहे. ४३बी(एच) आल्यावर आम्हाला कंपनीतून काय फोन आला ते सांगतो, 'उद्यम रजिस्ट्रेशन (लघु उद्योगाची सरकारी नोंदणी) काढून टाका, नाहीतर ऑर्डर मध्यम उद्योगवाल्याकडे वळवावी लागेल.' म्हणजे जो कायदा माझ्यासाठी केला त्याच्यामुळेच माझं काम जायची वेळ आली.

जुना परचेसवाला
३० वर्षं परचेसमध्ये होतो, आता माझंही ऐका. प्रत्येक व्हेंडर तुमच्यासारखा सरळ नसतो. रात्री दोनला लाइन थांबलेली मी बघितलीय. एका पार्टच्या बोअरमध्ये बर (कापताना राहिलेली धातूची कणी) राहिली होती, ४० माणसं हात बांधून उभी. मी स्वतःच्या गाडीत खोकी घालून व्हेंडरकडून माल आणला, तिथे बघतो तर हीट ट्रीटमेंट परस्पर तिसऱ्याकडे दिलेली आणि सर्टिफिकेट भलत्याच बॅचचं. मग पेमेंट अडवलं तर आम्ही खलनायक?

लेथवाला
त्या एकाचं पेमेंट अडवा की, सगळ्यांचं का अडवता? आणि डेबिट नोटचं, म्हणजे रिजेक्शन दाखवून आमच्या बिलातून कापता त्या पैशाचं, बोला जरा. त्यांच्या ट्रॉलीत पार्ट एकमेकांवर आपटून ओरखडे आले, रिजेक्शन माझ्या नावावर. ट्रॉलीचे फोटो घेऊन गेलो तर क्वालिटीवाला पोरगा म्हणतो, सर, सिस्टिममध्ये कारण टाकायला 'व्हेंडर' हा एकच पर्याय आहे. तुम्ही ३० वर्षं त्या खुर्चीत बसून हे बदलू शकला नाहीत, आणि आम्हाला सरळपणाचे धडे देताय!

जुना परचेसवाला
तोंड सांभाळून लिहा. मी किती व्हेंडरांची पेमेंटं फायनान्सशी भांडून सोडवलीत ते तुम्हाला माहीत नाही. आमच्या डोक्यावर दरवर्षी किंमत कमी करून आणायचं टार्गेट असायचं, ते वरून यायचं.

गेटपास
तुम्हा दोघांच्या भांडणात कामगार कुठे आहे? मी ११ वर्षं एकाच प्रेस मशीनवर काम करतोय. कॉन्ट्रॅक्टर तीन बदलले, प्रेस तोच, सुपरवायझर तोच, गेटपासचा रंग तेवढा बदलतो आणि माझी सर्व्हिस परत शून्यापासून. शेजारी उभा असलेला परमनंट माणूस तेच काम करतो, त्याचा पगार माझ्या तिपटीच्या पुढे. सुप्रीम कोर्टाने २००१ मध्ये स्टील अथॉरिटी ऑफ इंडियाच्या (सेल) खटल्यात सांगितलं की कंत्राटी पद्धत बंद झाली म्हणून कामगार आपोआप कायम होत नाही. मग आम्ही जायचं कुठे? आणि लेथवाले दादा, तुमच्या सात पोरांचा पीएफ भरता का?

लेथवाला
नाही भरत. २० च्या खाली आहोत, कायद्याने लागत नाही. पण ते उत्तर नाही हे मलाही कळतं. चार जण अजून व्हाउचरवर आहेत, पगारपत्रकावर नाहीत. तुमचं बरोबर आहे, मला झोंबलं, पण बरोबर आहे.

नाल्याकाठचा
आणि गाव? सीएसआरमध्ये, म्हणजे कायद्याने समाजासाठी करायच्या खर्चात, आमच्या शाळेला रंग दिला, बाहेर कंपनीचा बोर्ड लावला. नाल्याला पावसाळ्यात फेस येतो त्याचं कोणी बोलत नाही. विस्ताराची जनसुनावणी झाली तेव्हा पुढच्या तीन रांगा सकाळीच बसने आणलेल्या लोकांनी भरल्या होत्या, आम्ही मांडवाच्या बाहेर उन्हात. दोन टक्के सीएसआर म्हणजे नाला नासवायचा परवाना नाही.

दीर्घमुदत
नाल्याचं काम प्रदूषण मंडळाचं आहे, सगळं कंपनीच्या माथी मारू नका. पण मूळ मुद्दा बाजूलाच राहिला आणि सगळे ४५ दिवसांवरच आलेत.

जुना परचेसवाला
कारण मूळ मुद्दा तोच आहे. मी आत्ता लेथवाल्यांवर चिडलो होतो तरी हे सांगतो. फेब्रुवारी १९९७ मध्ये जपानमधल्या आयसिन सेकी या पार्ट बनवणाऱ्या कंपनीच्या कारियाच्या प्लांटला आग लागली. टोयोटाचा ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह जवळजवळ सगळा तिथूनच यायचा आणि स्टॉक काही तासांचाच. टोयोटाच्या जपानमधल्या बहुतेक लाइन थांबल्या. तेव्हा दुसऱ्या पुरवठादारांनी ड्रॉइंग मागवून घेतली, आपापल्या मशीनवर तो व्हॉल्व्ह काढायला घेतला, काहींनी तर तो कधी बनवलाही नव्हता, आणि आठवड्याभरात लाइन पुन्हा फिरायला लागल्या. आपल्याकडच्या किती कंपन्यांसाठी त्यांचे व्हेंडर असे धावतील? मी होतो त्या कंपनीसाठी नसते धावले, हे मी लिहून देतो.

दीर्घमुदत
ठीक आहे. पैसे मुदतीत देणं हा कराराचा भाग आहे, त्यात शेअरहोल्डरने तक्रार करायचं कारण नाही, इतकं मान्य. त्यापुढे नाही. कलम १६६ वाचून डायरेक्टर सगळ्यांचं भलं करेल यावर माझा विश्वास नाही, चार मालक झाले की जाब कोणालाच द्यावा लागत नाही.

गेटपास
आत्ता तरी कोणाला देतात?

हिशोबनीस
लेथवाले, लघु उद्योगांच्या थकलेल्या पैशांसाठी सरकारचं पोर्टल आहे, त्यावर अर्ज करा. शिक्का मारलेली चलनं असतील तर केस भक्कम आहे.

लेथवाला
चलनं आहेत, सगळी, तारखेसकट, फाइलला लावलेली. मागच्या वर्षी आमच्या शेडमधल्याच एकाने अर्ज केला, व्याजासकट पैसे मिळाले आणि पुढच्या महिन्यात त्याचा व्हेंडर कोड ब्लॉक झाला. काल माझं नवीन शेड्यूल आलंय, नेहमीपेक्षा जास्त नगांचं. स्टील आज मागवायचं आहे.