खुर्च्या ६० आणि कणसांची एक बुट्टी

सेक्रेटरी काका (१०१): सर्वांना नमस्कार. मागच्या चर्चकडून चिठ्ठी आलीय. १४ तारखेला, रविवारी, सकाळी ७ ते दुपारी २ मागच्या गल्लीत गाड्या लावू नयेत. शिवाय आपल्या गणपतीच्या ६० खुर्च्या मागितल्यात. मंडपवाला शनिवारी न्यायला येणार होता. काय करायचं, बोला.

२०३ भाऊ: खुर्च्या द्या की. पण गाडी कुठं लावू? डोक्यावर?

४०१ वहिनी: १४ ला काय असतं? ख्रिसमस तर डिसेंबरात ना? आम्ही नवीन, कोल्हापूरचे. रागावू नका 🙏

सेक्रेटरी काका: ३०२ आंटी, सांगा.

३०२ आंटी: सांगते. कुकर उतरवू दे आधी.

२०३ भाऊ: नळाला पाणी आलंय. मोटर कोण लावतंय?

३०२ आंटी: हां. मोंतीचं फेस्त, म्हणजे सण. ८ सप्टेंबर म्हणजे येशूची आई मारियेचा जन्मदिवस. ३० ऑगस्टपासून नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे प्रार्थना, रोज संध्याकाळी लहान पोरं फुलं घेऊन येतात. विकतची चालत नाहीत असं आमची आई म्हणायची. कुंपणावरची जास्वंद, गोंडा, मिळेल ते. फेस्ताच्या दिवशी भाताची नवी कणसं फादर आशीर्वादित करतात आणि घरटी एकेक वाटतात. याला आम्ही नोवें म्हणतो. कणीस घरातल्या अल्ताराशी, म्हणजे देवघराशी, ठेवायचं, चार दाणे सोलून कुटून नारळाच्या रसात घालायचे आणि घरातल्या सगळ्यांनी घोट घोट घ्यायचा. यंदा ८ सोमवारी आलाय. आदला शनिवार तुमच्या विसर्जनाचा, आणि बेळगावचे गणपती दुसऱ्या दिवशी दुपार झाली तरी रस्त्यावरच असतात. म्हणून फादर म्हणाले, मोठा कार्यक्रम पुढच्या रविवारी धरूया. १४ ला खुरसाचं, म्हणजे क्रुसाचं, फेस्तही असतं, बरं जुळलं. मिस, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, झाल्यावर जुन्या वस्तूंचं प्रदर्शन आणि जेवण. सगळ्यांनी यायचं.

४०१ वहिनी: अगंबाई, हे तर आमच्या नव्यासारखंच की! आम्ही लोंबी दाराला बांधतो.

२०४ काका: आंटी, एक शंका. ८ सप्टेंबरला कणसं आणता कुठनं? आमच्या वडगावच्या शिवारात बासमती अजून पोटरीत पण नसतंय. कापणी दिवाळीच्या मागंपुढं.

३०२ आंटी: बरोबर बोललात. खानापूरकडच्या माळावरचं हळवं भात असतं ते. माझा भाऊ आणून देतो दरवर्षी. यंदा पावसानं सगळं आडवं झालंय, फोनवर रडकुंडीला आला होता. खरं सांगू का, खुर्च्यांपेक्षा मोठी काळजी मला त्या कणसांची आहे.

२०४ काका: माझं चार गुंठे लवकरचं हाय. मागनं मसूर पेरायला रान मोकळं व्हावं म्हणून मुद्दाम लावतो. १४ पर्यंत निसवून दाणा भरत आला असेल. एक बुट्टी कापून देतो. पुरेल?

३०२ आंटी: पुरेल काय विचारता. देव बरें करूं.

३०२ नात: हाय ऑल! आमच्या युथ ग्रुपनं पोस्टर केलंय, बघा 👇 «गोवन हेरिटेज डे». जुन्या वस्तू हव्यात. पितळी भांडी, फोटो, पाटा-वरवंटा, घुमट (ते मातीचं वाद्य) असेल तर भारीच! वस्तू परत मिळतील 😇

३०२ आंटी: गोवन कोण?

३०२ नात: आपण की आजी 🙄

३०२ आंटी: मी नाही.

२०३ भाऊ: 🍿

३०२ नात: आजी, घरी बोलूया का? तू शेजारच्या खोलीतच आहेस.

३०२ आंटी: नको, लिहू दे. चाळीस वर्षं शाळेत शिकवलंय, तोंडी सांगितलं तर तू कानात ते बोंडूक घालतेस. आमचे पूर्वज गोव्यातून आले हे खरं. कुणी इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या, जाचाला कंटाळून घाट चढले, कुणी रोगराई-दुष्काळात, कुणी नुसतं पोटासाठी. आपलं घराणं नक्की कधी आलं ते घरात कुणालाच ठाऊक नाही. पण घाट चढून किती पिढ्या झाल्या बघ. माझ्या आजीनं समुद्र बघितला नव्हता. तिची मडकी खानापूरच्या कुंभारांची, घरावरची कौलंही खानापूरचीच. शेंगा आणि मसुरीची आमटी खाऊन ती ऐंशी वर्षं जगली. तिच्याकडं खाजण, म्हणजे खाडीकाठचं शेत, नव्हतं, घरात ताडी नव्हती, सुंगटं, म्हणजे कोळंबी, तर लग्नालासुद्धा नाहीत. मग प्रदर्शनात तू कोळ्याचं जाळं टांगणार आणि खाली लिहिणार आमचा वारसा. कुणाचा गं?

३०२ नात: जाळं इन्स्टाला छान दिसतं 😐

१०३ रेल्वे काका: मध्ये बोलतो, माफ करा. माझे वडील लोंढ्याला होते. ५५ साली गोव्याची गाडी बंद झाली, पोर्तुगीज सीमा बंद. लोंढा जंक्शन नुसतं आ वासून बसलं होतं. गोवा ६१ च्या डिसेंबरात सुटला. तोवर अर्धे नातेवाईक पलीकडं, अर्धे इकडं. आमच्या क्वार्टरशेजारी एक फायरमन होता, इंजिनात कोळसा टाकणारा, ख्रिश्चन, त्याची बहीण मडगावला. ती सहा वर्षं भेटली नाही बिचाऱ्याला.

३०२ आंटी: हेच सांगते मी. त्या वर्षांत फेस्ताला गोव्याचा बॅण्ड यायचा बंद झाला. मग काय केलं? माझ्या वडिलांनी गावातल्या भजनी मंडळाचा मृदंग आणि टाळ मागून आणले. वारकरी मंडळी होती ती. देणारा बुवा म्हणाला, चामडं ओलं करू नका एवढंच. सीमा उघडल्यावर बॅण्ड आला परत, पण टाळ काही गेले नाहीत. अजून लादिनीला वाजतात.

४०१ वहिनी: लादिन म्हणजे?

३०२ आंटी: खुरसापुढं संध्याकाळी म्हणायची लांबलचक प्रार्थना. एकानं नाव घ्यायचं, सगळ्यांनी साथ द्यायची. तुमच्या नामावळीसारखं समजा. आम्ही लहानपणी ती लॅटिनमध्ये म्हणायचो. एक अक्षर कळायचं नाही. «ओरा प्रो नोबिस» म्हणजे आमच्यासाठी विनव, पण आमच्या गल्लीतल्या एक म्हाताऱ्या बाई जन्मभर «ओरापुरा नोबी» म्हणत राहिल्या आणि देवानं तेच ऐकून घेतलं असणार.

२०३ भाऊ: 😂😂

३०२ आंटी: हसू नका, पुढचं ऐका. ६२ ते ६५ रोममध्ये मोठी परिषद झाली आणि ठरलं की मिस लोकांच्या भाषेत करायला हरकत नाही. झालं! लोकांची भाषा कुठली? घरात कोंकणी, शाळेत मराठी, बाजारात कन्नड, कॅम्पातल्या मिशन शाळेत इंग्रजी. आमच्या गावात दोन महिने नुसती भांडणं. ५६ साली बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसुरात गेल्याचं ताजंच होतं, त्यामुळे प्रत्येक शब्दाला धार. त्याआधी थोडीच वर्षं, ५३ मध्ये, बेळगावला स्वतःचे बिशप मिळाले होते. तोवर कुणी गोव्याकडं बघायचं, कुणी पुण्याकडं. शेवटी आमच्याकडं मराठीच झाली, कारण प्रार्थना पाठ होत्या त्या मराठीतल्या. सणाला गाणी कोंकणीत. रागावली की आई कन्नडात.

२०२ अक्का: नम्म भाषेत रागावलं की लवकर कळतंय आंटी 😄 कन्नड मिस पण हाय ना तुमच्यात, माझी मैत्रीण जाते.

३०२ आंटी: आहे की. वेळा वेगळ्या. बाकडी तीच.

२०४ काका: मराठीतून ख्रिस्ताची कथा आधीपण होती म्हणे, ओव्यांत?

३०२ आंटी: होय. फादर स्टीफन्स. इंग्रज माणूस, गोव्यात राहिला, आणि १६१६ ला अकरा हजारांच्या आसपास ओव्या मराठीत लिहून छापल्या. मी नववीच्या पोरांना त्यांच्याबद्दल सांगायची. इंग्रज येऊन ओव्या लिहून गेला आणि आमची नात पोस्टर इंग्रजीत करते.

३०२ नात: आला का टोमणा 😑 बरं मग काय लिहू पोस्टरवर? तूच सांग.

३०२ आंटी: ते तुमचं काम. पण जाळं काढ. आणि चोरिसाच्या, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजच्या, माळांबरोबर आपला बेळगावचा गोड कुंदाही ठेव, तुझे पप्पा नाताळला नेवऱ्यांच्या ताटात ठेवतात तसा. ते गोव्यात कुणी करत नाही.

४०१ वहिनी: नेवऱ्या म्हणजे करंज्याच ना?

३०२ आंटी: करंज्याच. आणि १५ ऑगस्टला हळदीच्या पानातल्या पातोळ्या करतो, त्या तुमच्यातले काहीजण नागपंचमीला करतात. लग्नाआधी नवरीला नारळाचा रस चोळतात, त्याला रोस म्हणतो. तुमची हळद. अजून विचारलंत तर कुकर परत लावायची वेळ होईल.

१०३ रेल्वे काका: प्रदर्शनाला माझ्याकडे वडिलांचा हातकंदील आहे, लोंढ्याचा. ख्रिश्चन नाही तो, चालेल का? 😀

३०२ नात: काका, पळेल!! 🙌 त्या फायरमनची गोष्ट पण लिहून द्याल का? नाव नको, गोष्ट फक्त.

२०२ अक्का: माझ्या सासूबाईंचं उखळ हाय जिन्याखाली. चौघं लागतील उचलायला. नोवेंचे दाणे त्यातच कुटा की.

२०३ भाऊ: ते उखळ तिथं आहे म्हणूनच माझी स्कूटर लागत नाही जिन्याखाली. मी उचलतो. कायमचं घेऊन जा.

२०२ अक्का: कायमचं नाही!! संध्याकाळी परत.

सेक्रेटरी काका: बरं, ठरवूया. खुर्च्या द्यायच्या, मंडपवाल्याशी मी बोलतो, दोन दिवसांचं जादा भाडं चर्च देणार का सोसायटी?

३०२ आंटी: चर्च देईल. फादरना मी सांगते.

सेक्रेटरी काका: मागच्या वर्षी एका कार्यक्रमाला दिलेल्या तीन खुर्च्यांचे पाय मोडून आले होते. कुणाचा ते बोलत नाही. मोजून देणार, मोजून घेणार.

२०३ भाऊ: आणि गाडी?

सेक्रेटरी काका: शाळेच्या मैदानात. विचारून ठेवलंय.

२०४ काका: आंटी, कणसं शनिवारी संध्याकाळी कापू का रविवारी पहाटे? शनिवारी कापली तर पिवळी पडतील.

३०२ आंटी: पहाटे कापा. मिस साडेसातला. नातीला पाठवते तुमच्याबरोबर, विळा धरायला शिकेल.

३०२ नात: पहाटे म्हणजे किती वाजता 😨

२०४ काका: पाचला. गमबूट घाल, बांधावर चिखल हाय.