पाण्याच्या मीटरला ५जी कशाला?

मिलिवॅट (धागाकर्ता)

दिवसातून चार वेळा जेमतेम १० बाइट पाठवणाऱ्या मीटरमध्ये ५जीचा मॉडेम घालणं म्हणजे पोस्टकार्ड पोचवायला मालट्रक भाड्याने घेणं. हल्ली सगळीकडे रेडकॅपचा, म्हणजे साध्या उपकरणांसाठी छाटलेल्या ५जीचा, गजर चालू आहे. ते ३जीपीपीच्या (मोबाइल नेटवर्कची मानकं ठरवणारी संस्था) रिलीज १७ मध्ये, २०२२ साली आलं. साध्या ५जी उपकरणाला १०० मेगाहर्ट्झचा पट्टा पेलावा लागतो, रेडकॅपला २० पुरतो आणि रिसीव्हची एकच अँटेना चालते. रिलीज १८ ने कमाल वेग १० मेगाबिटपर्यंत खाली आणला. कॅमेरे, मनगटी घड्याळं, कारखान्यातले सेन्सर यांना हे उत्तम.

मीटरच्या गरजा दोनच: तळघरातून आवाज बाहेर पोचला पाहिजे आणि सेल दहा वर्षं टिकला पाहिजे. एनबी-आयओटी, म्हणजे मोबाइल कंपन्यांचं अरुंद पट्ट्याचं नेटवर्क, १८० किलोहर्ट्झमध्ये काम करतं आणि वाटेत १६४ डेसिबल क्षय झाला तरी ऐकू येतं. जुन्या जीपीआरएसपेक्षा (२जीवरचा डेटा) हे २० डेसिबलने जास्त. आवारात स्वतःचा गेटवे (मीटरांचे निरोप झेलून इंटरनेटवर टाकणारा डबा) लावता येत असेल तर लोरावॅन, म्हणजे लांब पल्ल्याचं, कमी विजेचं खासगी रेडिओ नेटवर्क, त्याहून बरं, सिमची कटकटच नाही. विरोधी मतं जरूर मांडा, पण आकड्यांसकट.

गेटवेच्या_पलीकडे

लोरावॅनबद्दल अजिबात सहमत नाही. १० बाइटांचा निरोप स्प्रेडिंग फॅक्टर (जितका मोठा तितका पल्ला जास्त आणि वेग कमी) ७ वर साधारण ६२ मिलिसेकंद हवेत असतो. तोच १२ वर गेला की १.४८ सेकंद, म्हणजे चोवीसपट. युरोपात ८६८ मेगाहर्ट्झच्या नेहमीच्या उपपट्ट्यांवर एकूण वेळेच्या १ टक्काच बोलण्याची मर्यादा आहे, त्यामुळे अशा एका निरोपानंतर जवळजवळ अडीच मिनिटं गप्प बसावं लागतं. तळघरातले मीटर १२ वरच जाऊन बसणार, आणि तिथे शेकडो मीटर असले की टक्कर ठरलेली.

त्यात फर्मवेअर (मीटरच्या आतलं सॉफ्टवेअर) लिहिणारे प्रत्येक निरोपाची पोचपावती मागतात. नेहमीचा गेटवे बोलत असताना ऐकत नाही. एका मीटरला पावती देताना बाकीच्यांचे आठही चॅनल बहिरे! मग ते मीटर पावती आली नाही म्हणून पुन्हा पाठवतात, त्यांना पुन्हा पावत्या. नेटवर्क स्वतःच्याच पावत्यांखाली गुदमरतं.

मिलिवॅट

पावतीचं खरं आहे, पण तो दोष वापरणाऱ्याचा. मीटरने 'गेल्या सहा तासांतला वापर' पाठवूच नये, एकूण आकडा पाठवावा. एखादा निरोप हरवला तरी पुढच्यात हिशेब येतो, पावतीची गरजच उरत नाही. आणि १२ वर अडकलेला मीटर म्हणजे गेटवेची जागा चुकल्याची तक्रार समजा. दुसरा गेटवे लावा, एडीआर (सिग्नल पाहून स्प्रेडिंग फॅक्टर आपोआप बदलणारी सोय) चालू ठेवा, बरेचसे मीटर ७ ते ९ वर उतरतील.

खरी गोम नेटवर्कमध्ये सामील होण्याच्या टप्प्यावर आहे, तिकडे कुणी बघत नाही. लोरावॅनच्या १.०.४ आवृत्तीपासून डेव्हनॉन्स (सामील होण्याच्या विनंतीसोबत जाणारा आकडा) हा वाढत जाणारा क्रमांक आहे. सेल बदलल्यावर तो पुन्हा शून्यापासून सुरू झाला तर सर्व्हर विनंती नाकारतो. अँटेना ठीक, सिग्नल ठीक, तरी मीटर मुका. हा क्रमांक, सेशनच्या (कूटलेखनाच्या) किल्ल्या आणि फ्रेम काउंटर (निरोपांची मोजणी) फ्लॅश मेमरीत जपून ठेवले तर पुन्हा सामील होण्याचीच वेळ येत नाही. वेळ आलीच तर प्रत्येक उपकरणाने यादृच्छिक काही मिनिटं थांबून प्रयत्न करावा.

सुप्तावस्था

दोघेही सेलबद्दल फार हलक्या हाताने बोलताय. डी आकाराच्या, ३.६ व्होल्टच्या लिथियम थायोनिल क्लोराइड सेलवर १९ अँपिअर-तास छापलेलं असतं. गळती, थंडी आणि शेवटचा न वापरता येणारा भाग वजा करून मी ६५ टक्केच धरतो, म्हणजे सुमारे १२.३. दहा वर्षांना वाटले तर सरासरी १४० मायक्रोअँपिअर.

आता एनबी-आयओटी. झोपेत ५ मायक्रोअँपिअर, त्याची काळजी नको. चांगल्या सिग्नलला एक फेरी (जागं होऊन, निरोप पाठवून पुन्हा झोपणं) दहा सेकंदांची आणि सरासरी १०० मिलिअँपिअरची धरली तर चार फेऱ्यांना दिवसाला १.१ मिलिअँपिअर-तास. दहा वर्षं आरामात. पण तेच उपकरण खोल कव्हरेजमध्ये (सिग्नल अगदी क्षीण असलेल्या जागी) गेलं की तोच मजकूर पुन्हा पुन्हा पाठवतं, अपलिंकला (मीटरकडून टॉवरकडे) १२८ वेळांपर्यंत. फेरी मिनिटभराची आणि सरासरी १५० मिलिअँपिअरची झाली तर दिवसाला १० मिलिअँपिअर-तास, आणि सेल साडेतीन वर्षांच्या आत आटोपला. जाहिरातीतले १६४ डेसिबल आणि जाहिरातीतली दहा वर्षं एकाच मीटरला एकत्र मिळत नाहीत.

शिवाय हा सेल बराच काळ स्वस्थ राहिला की आत लिथियमवर थर चढतो. मॉडेमने अचानक २०० मिलिअँपिअर ओढले की व्होल्टेज कोसळतो, मॉडेम रीसेट होतो, पुन्हा नेटवर्क शोधतो, पुन्हा कोसळतो. आतला सेल भरलेला आणि उपकरण मात्र मेलेलं. सेलला समांतर हायब्रिड कॅपॅसिटर (अचानकची मागणी भागवणारा विजेचा छोटा साठा) लावलाच पाहिजे. खर्च वाचवायला आधी तोच काढतात.

आणखी एक: पीएसएमसाठी (मॉडेमच्या गाढ झोपेसाठी) तुम्ही मागितलेले टायमर नेटवर्क देईलच असं नाही. सीईआरईजी (मॉडेमला नेटवर्क-नोंदणीची माहिती विचारणारी आज्ञा) ४ वर लावून प्रत्यक्षात काय मंजूर झालं ते वाचा, मगच सेलचा हिशेब मांडा.

तीन_दांड्या

मीटर पंधरा वर्षं भिंतीवर राहणार, नेटवर्क राहील का? जपानच्या डोकोमोने एनबी-आयओटी २०१९ मध्ये सुरू केलं आणि मार्च २०२० मध्ये बंद केलं. अमेरिकेत एटी अँड टीने २०२५ मध्ये तेच केलं. असंच अरुंद पट्ट्याचं नेटवर्क चालवणारी सिगफॉक्स जानेवारी २०२२ मध्ये दिवाळखोरीच्या संरक्षणात गेली. आज अरुंद पट्ट्याचा मॉडेम घेणं म्हणजे उतरत्या जिन्यावर घर बांधणं. रेडकॅप घ्या, बऱ्याच मॉड्यूलमध्ये ४जीवर उतरायची सोयही असते.

फर्मवेअरचंही बोला. २०० किलोबाइटची सुरक्षा दुरुस्ती लोरावॅनच्या ५१ बाइटांच्या तुकड्यांत पाठवायची तर चार हजार तुकडे. स्प्रेडिंग फॅक्टर १२ वर नुसता हवेतला वेळच तीन तासांवर जातो. रेडकॅपला ते काही सेकंदांचं काम.

गेटवेच्या_पलीकडे

लोरावॅनच्या विरोधात मी आहेच, पण म्हणून रेडकॅप? त्याला स्वतंत्र ५जी कोअर (नेटवर्कचा मध्यवर्ती भाग) लागतो. जिथे ५जी अजून ४जीच्या कोअरवर टेकून चाललंय तिथे रेडकॅपचा मॉडेम ४जीच पकडणार, म्हणजे ५जीचे पैसे मोजून ४जी. शिवाय खोल तळघरासाठीची ती पुनरावृत्तीची सोय रेडकॅपमध्ये त्या पातळीवर नाही. आणि एनबी-आयओटी, एलटीई-एम (४जीचा उपकरणांसाठीचा प्रकार) ही 'जुनी' नव्हेत. चौरस किलोमीटरला दहा लाख उपकरणांची ५जीची अट ३जीपीपीने यांच्याच जोरावर पूर्ण केली, आणि ५जीच्या पट्ट्यात त्यांना जागा राखून ठेवता येते. ठेवायची की नाही हे ऑपरेटर ठरवतो, एवढंच.

माझं मत एलटीई-एमला. १.४ मेगाहर्ट्झ, १ मेगाबिटच्या आसपास वेग, चालत्या उपकरणाला हँडओव्हर (जोडणी न तुटता एका टॉवरवरून दुसऱ्यावर जाणं). फर्मवेअर काही मिनिटांत जातं, तेही फक्त बदललेला भाग पाठवला तर आणखी लवकर.

मिलिवॅट

फर्मवेअरचा मुद्दा मान्य, तिथे लोरावॅन लंगडं आहे. पण 'पंधरा वर्षं टिकेल' असं कुठल्याच मॉडेमबद्दल म्हणता येत नाही, तीन_दांड्यांची यादीच ते सांगते. २०२३ मध्ये ६जीचा आराखडाही आयटीयूने (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने) मंजूर केला, म्हणजे रेडकॅपचं वय आत्ताच मोजायला लागा. म्हणून मॉडेम वेगळ्या छोट्या बोर्डावर घ्या आणि मोजणीचा भाग स्वतंत्र ठेवा. नेटवर्क बंद पडलं तर बोर्ड बदलायचा, मीटर नाही.

सुप्तावस्था

मीटर खड्ड्यात असतो, पावसाळ्यात पाण्याखाली जातो, म्हणून डब्यात राळ ओतून सील केलेला असतो. बोर्ड बदलायचा तर राळ नको, राळ नको तर झाकणाला गॅस्केट आणि आत कनेक्टर. गॅस्केट पहिल्यांदा उघडल्यावर पुन्हा तितकं घट्ट बसत नाही, आणि ओल आधी कनेक्टरच्या पिनांवरच दिसते. त्यावर काय सुचवताय?