कर्जतजवळ झाडीत मॉडर्न केबिन बांधायचीय, पण उठून दिसायला नको

दहिसरचा_बोका: नमस्कार मंडळी, सासऱ्यांची कर्जतच्या आतल्या बाजूला डोंगरपायथ्याशी जागा आहे, थोडी उताराची, साग ऐन किंजळ भरपूर आणि मधोमध एक जुना उंबर. तिथे शनिवार-रविवार राहायला ४०० स्क्वेअर फुटाची केबिन करायचा विचार आहे. एक खोली, ओटा, बाथरूम, बस. फोटोत बघितलेलं सपाट छप्पर नि काळं मेटल क्लॅडिंग मला आवडलंय, बायकोला समोर फुल काच हवीय. झाडं तोडायची नाहीत आणि लांबून बघणाऱ्याला पटकन घर आहे हे कळू नये. जमेल का?

पागोळी: सपाट छप्पर आधी डोक्यातून काढा. रायगडात चार महिन्यांत तीन हजार मिमीच्या आसपास पाऊस पडतो, त्यात वरून सागाची पानं, एकदा आउटलेट तुंबला की गच्चीचं तळं. निदान तीस अंशाचा उतार द्या, पागोळ्या भिंतीपासून तीन फूट तरी बाहेर. कौलं दिसतात छान पण वानरं नाचली की दरवर्षी बदलत बसा, त्यापेक्षा खाली पत्रा आणि वर कौलं, गळतीचं टेन्शन नाही आणि पावसाचा तडतडाटही कमी. काळ्या मेटलबद्दल एकच सांगतो, एप्रिलमध्ये दुपारी त्याला हात लावून बघा.

आणि मिसळायचं म्हणून हिरवा रंग मारू नका हो, प्लीज. आपलं रान हिरवं असतं पावसाळ्यात नि पुढे थोडे दिवस, मार्चमध्ये साग बोडके झाल्यावर सगळा डोंगर करडा-तपकिरी, आणि त्यात तुमचा हिरवा डबा दोन किलोमीटरवरून दिसणार. वर्षातला जास्त काळ करडा असतो, रंग तोच पकडा. जांभा पण टाळा. माथेरानच्या पठारावर असेल, पायथ्याला काळाच दगड आहे, जोत्याला तोच घ्या.

घाटमाथा७७: रंग नंतर, आधी उतार कापणार का ते सांगा. जेसीबी आणून सपाटी केली की वरची माती मोकळी होते आणि पाण्याची वाट बदलते. इर्शाळवाडी तुमच्या शेजारच्याच तालुक्यात, जुलै २०२३ला दरड कोसळून काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. म्हणून डोंगर जसा आहे तसा ठेवून कॉलमवर उचला, पाणी खालून जाऊ दे, वाळवी आणि सापांचाही त्रास थोडा कमी. उंबरापासून चांगलं लांब राहा, मुळं लांबवर जातात. जागा फायनल करायच्या आधी भर जुलैत तिथे छत्री घेऊन फिरा, उन्हाळ्यात जे कोरडं वाटतं तिथूनच ओहोळ वाहत असतो.

बाय द वे, आजूबाजूच्या ठाकरवाड्यांतली कारवीच्या कुडाची घरं बघून या, शेणमातीने लिंपलेली. रानात मिसळणं कशाला म्हणतात ते कुठल्याही आर्किटेक्टपेक्षा तिथे जास्त कळेल. पावसाच्या बाजूला मात्र कूड नको, तिथे दगडच.

सातबारा_प्रेमी: डिझाइन राहू दे बाजूला, जमिनीचा सातबारा उतारा काढलात का? 'खाजगी वन' अशी नोंद असेल तर विषयच संपला. माथेरानचा इको सेन्सिटिव्ह झोन २००३ पासून आहे, पायथ्याचा काही भागही त्यात येतो, तुमचा सर्व्हे नंबर आत आहे का ते तपासा. शेतजमिनीवर फार्महाऊसचे नियम वेगळे.

दहिसरचा_बोका: उतारा आहे, शेतजमीन आहे, वनाची नोंद नाही. झोनचं बघतो. सपाट छप्पर कॅन्सल, पण काचेचं काय करू, ती कॅन्सल केली तर घरी माझं काही खरं नाही 😅

पागोळी: वहिनींना काच द्या की, फक्त नैऋत्येला नको. वारा-पाऊस तिकडूनच येतो, झड थेट आत. उत्तर किंवा पूर्वेला लावा आणि पुढे सहा फुटांची पडवी काढा, मग काचेवर झाडांचं प्रतिबिंबही कमी पडतं. नाहीतर पक्ष्यांना पुढे रान आहे असंच वाटतं आणि ते धडकतात. पडवी खोल असली की लांबून बघणाऱ्याला नुसती सावली दिसते, काच चमकत नाही.

घाटमाथा७७: +१. आणि बाहेर फ्लडलाइट नको, पिवळे, खाली तोंड केलेले दिवे पुरे. मे अखेरीस काजवे येतात त्या भागात, लाइट चालू असला तर एक दिसणार नाही. जुलैत जाणार असाल तर मेसेज टाका, मी नेरळलाच असतो, येईन बघायला.

दहिसरचा_बोका: नक्की टाकतो. कॉलमवर उचलायचा खर्च जोत्यापेक्षा किती जास्त येतो, कोणाला अंदाज आहे का?