अनुभव धागा: आल्प्समधली हिमनदी जवळून पाहिलीत का?

गेल्या जूनमध्ये आईला घेऊन स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोख खिंडीत गेले होते. आई ७१ वर्षांची. ग्रिंडेलवाल्डहून केबलकार, मग दात्यांच्या रुळांवरून बोगद्यातून चढणारी गाडी, आणि पोचलो थेट ३४५४ मीटरवर. ही रेल्वे १९१२ पासून चालू आहे. आमच्यासोबत आलेली बहुतेक मंडळी बर्फात फोटो काढून, आत जेवून दोन तासांत परत फिरली. आई मात्र कठडा धरून समोरच्या 'आलेच' नावाच्या हिमनदीकडे बघत उभी राहिली. म्हणाली, "नदी म्हणतेस, मग वाहते का गं?"

वाहते, असं मी सांगितलं. बर्फ थरावर थर साचून घट्ट होतो आणि स्वतःच्याच वजनाने उतारावरून सरकत राहतो. पण खरं सांगायचं तर हे मी वाचलेलं होतं, पाहिलेलं नव्हतं. आईचा तो प्रश्न मनातून जात नाही, म्हणून हा धागा. कुठली हिमनदी पाहिलीत, किती जवळून, आणि काय दिसलं? तिकिटांचे भाव दरवर्षी बदलतात, ते नकोत.

प्रतिसाद १
ज्येष्ठांना नेणाऱ्यांसाठी आधी एक कळकळीचं सांगणं. आम्ही ग्रुप टूरने गेलो होतो. वर फिरायला दीड तास दिला होता, म्हणून सगळे पळतच सुटले. माझ्या सासऱ्यांना जिना चढताना गरगरलं, ओठ निळसर दिसायला लागले. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या साधारण दोन-तृतीयांश असतो, हे आम्हाला कुणी आधी सांगितलं नव्हतं. खाली उतरल्यावर त्यांना बरं वाटलं. पहिली पंधरा मिनिटं नुसतं बसा, पाणी प्या, जिने टाळा. हृदयाचा त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.

प्रतिसाद २
फ्रान्समधल्या शामोनीची मेर द ग्लास हिमनदी, २०१९. लेक तेव्हा नऊ वर्षांची. लाल गाडीने वर माँताँव्हेर स्टेशनला गेलो, पुढे छोट्या केबलकारने खाली, आणि तिथून लोखंडी पायऱ्या. पाचशेच्या वर! पायऱ्यांच्या कडेला खडकावर पाट्या आहेत: अमुक साली हिमनदी इथपर्यंत होती. १९९० ची पाटी आली तेव्हा लेकीने विचारलं, "बाबा, तेव्हा तू केवढा होतास?" मी दहावीत होतो. मान वर करून पाहिलं तर केबलकारचं स्टेशन अजून जवळच दिसत होतं, आणि खाली बर्फ कुठल्या कुठे. मी शाळेत जात होतो तेव्हा आम्ही उभे होतो ती जागा बर्फाच्या पोटात होती. पुढच्या पाट्या तिने मोठ्याने वाचल्या, मी गप्प होतो.

खाली बर्फात कोरलेली गुहा आहे. हिमनदी सरकते म्हणून ती दरवर्षी नव्याने कोरावी लागते. (धागाकर्तीच्या आईंना हे जरूर सांगा.) आतला बर्फ पांढरा नसतो, गडद निळा असतो. दाबाने त्यातले हवेचे बुडबुडे निघून जातात आणि जाड बर्फ तांबडा प्रकाश शोषून घेतो, म्हणून. २०२४ पासून नवी केबलकार आहे, त्यामुळे आता तेवढ्या पायऱ्या उतराव्या लागत नाहीत. पण पाट्यांची वाट अजून चालू असेल आणि गुडघे धड असतील तर तिने चालाच.

प्रतिसाद ३
म्युनिकला राहतो. ऑस्ट्रियातली सगळ्यात मोठी हिमनदी पास्टेर्झ, ग्रोसग्लॉकनर शिखराच्या पायथ्याशी. १९६३ साली पर्यटकांना बर्फाच्या कडेला उतरवायला तिथे रुळांवरची गाडी बांधली होती. आता त्या गाडीच्या खालच्या टोकापासूनही बर्फ खूप दूर आणि खोल गेला आहे. समोर करडं, दुधाळ तळं झालंय. हिमनदी खडक घासत सरकते, त्याचं पीठ त्या पाण्यात असतं. ओंजळीत घेतलं, हात वाळल्यावर तळव्यावर राखेसारखी पूड राहिली.

प्रतिसाद ४
स्वित्झर्लंडच्या फुर्का घाटातली ऱ्होन हिमनदी. तिथल्या बर्फात कोरलेल्या गुहेवर उन्हाळ्यात पांढरी जाड कापडं पांघरतात, बर्फ कमी वितळावा म्हणून. माझे आजोबा रत्नागिरीला मासळीच्या धंद्यात होते. बर्फाची लादी आली की भुशात पुरायची, वर गोणपाट. तीच युक्ती इतक्या मोठ्या हिमनदीवर करताना पाहून पोटात कालवलं. कापडं मळलेली, फाटलेली, आणि त्यांच्या खालून पाणी सतत गळत होतं. २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनी मिळून दहा टक्के बर्फ गमावला. त्या गळतीजवळ उभं राहिल्यावर या आकड्याचा अर्थ कळतो.

प्रतिसाद ५
आलेच हिमनदी बघायची तर फीश गावाहून एगिसहॉर्न शिखरावर जा, असं मी सगळ्यांना सांगते. युंगफ्राउयोखला तुम्ही तिच्या उगमाशी असता. इथून तिचं लांबलचक वळण एका नजरेत मावतं. मधोमध दोन काळे पट्टे दिसतात. वर कोंकोर्डिया नावाच्या जागी बर्फाचे तीन मोठे प्रवाह एकत्र येतात, त्यांच्या कडांचे दगड तसेच ओळीने खाली वाहत येतात. मला तरी वाहण्याचा याहून स्पष्ट पुरावा कुठे दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी गाइडसोबत दोरी बांधून बर्फावर चाललो. एकटं कधीही उतरू नका, ताज्या बर्फाखाली भेगा झाकलेल्या असतात. दुपारी गाइडने सगळ्यांना थांबवलं, बोलू नका म्हणाला. विहिरीसारखं एक भोक होतं, वरून ओहोळ आत पडत होता. आणि मग खालून, फार खोलून, पाणी वाहत असल्याचा आवाज आला.

धागाकर्ती
सगळे प्रतिसाद आईला वाचून दाखवले. राखेसारखी पूड हे तिने दोनदा वाचायला लावलं. प्रतिसाद ५ वाल्या ताई, आई विचारतेय, तो आवाज फोनवर रेकॉर्ड केला होता का? असेल तर कृपया पाठवा. तिला ऐकायचाय.