मदत हवी आहे: आंब्यावरचं बांडगूळ कसं काढायचं?

नमस्कार मंडळी, नाशिकला मखमलाबादच्या मळ्यात आजोबांच्या हातचा गावठी आंबा आहे, त्याला बांडगुळानं पार वेढलंय. झुबकेच्या झुबके, पानं जाडजूड, फुलं नळीसारखी नारिंगी, आणि जिथं चिकटलंय तिथं फांदी गाठीसारखी फुगलीय अन् पुढचं टोक वाळत चाललंय. मागच्या वर्षी नुसतं ओढून तोडलं तर पावसाळ्यानंतर त्याच गाठीतून परत फुटलं, कारण मुळं फांदीच्या लाकडातच शिरतात आणि झाडाचं पाणी ओढतात. हिमालयात पाइनवरचं बुटकं बांडगूळ म्हणे बिया स्वतःच दूर उडवतं, आपल्याकडं मात्र फुलटोच्या नावाचा छोटा पक्षी फळं खातो आणि चिकट बी फांदीवर ठेवून जातो, म्हणून बाजूच्या कलमांचीही धास्ती वाटतेय.

तर गाठीच्या किती खालून फांदी कापायची? कापल्यावर बोर्डो पेस्ट (बुरशी लागू नये म्हणून मोरचूद-चुन्याचा लेप) लावेन, द्राक्षांमुळं मोरचूद-चुना घरात असतोच. पण एक गाठ थेट खोडावर आहे, तिथं कापणार काय?? कोणी स्वतः केलं असेल तर प्लीज सांगा, आईचा त्या झाडावर फार जीव आहे.