मदत हवी आहे: ईपोल आणि केक्यूसाठी एकच रेडिनेस इंटरफेस

सी भाषेत लायब्ररी लिहितोय. कोणतं सॉकेट वाचायला-लिहायला तयार आहे हे कर्नलकडून कळवणारी यंत्रणा लिनक्सवर ईपोल, बीएसडी आणि मॅकवर केक्यू. वापरणाऱ्याला फरक कळू नये. फंक्शनं तीनच आहेत: नोंदवा, काढा, थांबा. लेव्हल-ट्रिगर (तयार असेपर्यंत पुन्हा पुन्हा कळवणं) ठेवू की एज (नवीन काही घडलं तरच कळवणं)? एफडी (उघड्या फाइलचा किंवा सॉकेटचा क्रमांक) बंद केल्यावरही कधीकधी जुना इव्हेंट येतो, तो कसा रोखायचा? आणि साधी फाइल नोंदवली की ईपोल ईपर्म (परवानगी नाही) एरर देतो, तिचं काय करू?

प्रतिसाद १

लेव्हलच ठेवा. एजमध्ये ईअगेन ('आत्ता काही नाही' हा एरर) येईपर्यंत वाचत राहावं लागतं. 6000 बाइट आले आणि 4096 च्या बफरने एकदाच वाचलं, तर 1904 तसेच पडून राहतात. समोरचा उत्तरासाठी थांबला असेल तर पुढचा इव्हेंट येतच नाही, दोन्ही बाजू ठप्प.

लेव्हलमध्ये जपायचं ते लेखनाला. सॉकेट बहुतेक वेळ लिहिण्याजोगं असतं, त्यामुळे लेखनाची नोंद कायम ठेवली तर लूप गरगरत राहतो आणि एक कोर 100 टक्के व्यापतो. राइट अर्धवट झालं किंवा ईअगेन आलं तरच ती चालू करा, बफर रिकामा होताच बंद. त्यासाठी 'बदला' हे चौथं फंक्शन लागेलच.

जुन्या इव्हेंटचं मूळ बहुधा असं: 'थांबा'ने 64 इव्हेंट एकदम आणले, तिसऱ्याच्या कॉलबॅकने एफडी 9 बंद केला, पुढच्या ॲक्सेप्टला कर्नलने तोच 9 दिला. त्याच गठ्ठ्यात उरलेला 9 चा इव्हेंट मग नव्या कनेक्शनच्या माथी बसतो. ईपोलच्या 64 बिटांच्या डेटात 32 बिट स्लॉट (तुमच्या टेबलातली जागा) आणि 32 बिट पिढी क्रमांक (ती जागा कितव्यांदा वापरात आहे) ठेवा. काढताना पिढी वाढवा, जुळली नाही तर इव्हेंट टाकून द्या.

फाइलला सरळ एरर परत करा. पोल हा जुना कॉल तिला नेहमीच तयार म्हणतो, पण रीड डिस्कसाठी अडतोच. ते काम थ्रेड पूलचं (वेगळ्या थ्रेडांच्या गटाचं).

धागाकर्ता

पिढी क्रमांक पटला. मग क्लोजआधी 'काढा' सक्तीचं करू का?

प्रतिसाद २

हो, करा. ईपोलची नोंद एफडी क्रमांकापुरती नसते, त्यामागच्या उघड्या फाइलशी जोडलेली असते. डुप (एफडीची नक्कल) किंवा फोर्कमुळे (नवी प्रक्रिया) दुसरी प्रत जिवंत असेल तर क्लोजनंतरही इव्हेंट येत राहतात, आणि बंद झालेल्या क्रमांकाने ती नोंद काढताही येत नाही.

आणखी एक: हँगअप आणि एरर ईपोल न मागताही कळवतो. वाचन-लेखन दोन्ही बंद असेल तेव्हा मास्क (मागितलेल्या इव्हेंटची यादी) शून्य करून भागत नाही, नोंदच काढा. नाहीतर तुटलेलं कनेक्शन लूपला पुन्हा पुन्हा उठवत राहील.